जिताड्यावर लाल वाईन

मी घर सोडलं त्या दुपारी माझा बाप पडवीत बसून क्वार्टर संपवत होता. सोबत दोन चुलते, मध्ये चिंबोऱ्यांचं ताट, आणि पायरीवर बॅग घेऊन मी. हातातला ग्लास खाली न ठेवता तो म्हणाला, "माज्या घरात दारू पिनारे चालतील. दारू वाढनारी पोर चालायची नाय." चुलत्यांनी माना डोलावल्या. एकाने लगेच आपला ग्लास पुढे केला आणि बापाने त्यात ओतली, स्वतःच्या हाताने. त्यात कुणालाच काही गंमत वाटली नाही.

माझा गुन्हा एवढाच की हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून मला वाशीच्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये नोकरी लागली होती, आणि ती बार सेक्शनला होती. बार मी मागितला नव्हता. रिसेप्शनला उंच आणि गोऱ्या पोरी लागायच्या. मी बुटकी, काळी, इंग्रजी तोडकंमोडकं. बारच्या मागे माणूस कमरेपर्यंतच दिसतो, म्हणून मला तिथे उभं केलं. हे बापाला सांगायचा प्रयत्न केला तर तो म्हणाला, "मंग तर अजूनच वाईट."

आय मागच्या दारी कोयतीवर बोंबील कापत होती. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "बस चुकंल तुजी." एवढंच. तेव्हा वाटलं, हिलाही मी नकोच आहे. बापाचा हात कधी उठतो याचा अंदाज तिला माझ्यापेक्षा जास्त होता, हे कळायला मला वाशीत दोन पावसाळे काढावे लागले.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, गावात राहिलेल्यांनो, आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे खाडी ओलांडून आले आणि आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून भांडतात. नावं बदलली आहेत. गावाचं नाव सांगणार नाही, उरणच्या अलीकडे-पलीकडे शोधत बसा. परदेशी गेलेले लोक अशा आठवणी लिहितात, त्यांच्यात विमान असतं, बर्फ असतो. माझ्यात वाशीची बस आहे. पण सांगते, तासाभराच्या अंतरावर घर असून तिथे जाता न येणं हे अमेरिकेपेक्षा लांब असतं. अमेरिकेतल्या पोरीला निदान सांगता येतं की तिकीट महाग आहे.

कोपरखैरणेत एका खोलीत आम्ही चौघी राहायचो. रोज दुपारी काळी पँट, पांढरा शर्ट, काळा कोट. सुरुवातीला मला वाटायचं, दारू ती दारू, ओतली की झालं. मग ट्रेनिंगला लोबो सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी लाल वाईनचा घोट घ्यायला लावला आणि विचारलं, काय वाटतंय. बाकीची पोरं गुगलवरचं इंग्रजी बोलायला लागली. मी म्हटलं, "सर, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. जीभ ओढतेय." ते म्हणाले, "हाच तो तुरटपणा. याला सांभाळता आलं की तुला सगळं आलं."

मला ते आलं. बढाई मारत नाही, पण आलं, आणि लवकर आलं. कारण आमच्या घरी पुस्तक नव्हतं तरी जेवण होतं. तेलकट माशात चिंच का पडते, सुकटीत कैरी का पडते, हे मी लहानपणापासून खात आले होते. इटालियन लोकही तेच करतात, फक्त आंबटपणा ग्लासात ठेवतात. टोमॅटोच्या सॉसला आंबट अंगाची रेड. नुसती तुरट रेड दिली तर टोमॅटो तिला पाणचट करून टाकतो. चीज आणि मटण असेल तर खुशाल जड, तुरट रेड घ्या, चरबी तो तुरटपणा गिळून टाकते. आणि मासा असेल तर तुरट रेडचं बूचसुद्धा उघडायचं नाही. माशाचं तेल आणि ती वाईन तोंडात एकत्र आली की ताज्यातला ताजा मासा वासलेला, शिळा लागतो. आधी लोखंड चाटल्यासारखं, मग बाजार उठल्यानंतरच्या ओट्यासारखं. लोबो सरांनी हे करून दाखवलं तेव्हा मी थुंकायच्या भांड्यात थुंकले आणि मला आय आठवली.

कारण माझी आय मासे विकायची. उरणच्या बाजारात तिची जागा होती, कोपऱ्यातली, नळाशेजारची. बापाला प्रकल्पग्रस्त म्हणून कंटेनर यार्डात नोकरी लागली, जमिनीचे पैसे आले, गावात एकेक करून बंगले उठले, तरी ती पहाटे टोपली घेऊन निघायची. बाकीच्या बायका ओरडून गिऱ्हाईक बोलवायच्या. ही गप्प बसायची. लोक येऊन विचारायचे, "ताजा हाय ना?" आणि ती नुसती मान हलवायची किंवा, आणि याच्यासाठीच लोक तिच्याकडे यायचे, "आज नको घेऊ" म्हणायची. स्वतःच्या टोपलीतला मासा नको घेऊ म्हणणारी कोळीण तुम्ही पाहिलीय का कधी? तिच्याकडून नेलेला मासा परत आला, असं कधी झालं नाही. घरात तिला कुत्रं विचारत नव्हतं. बाजारात तिचा शब्द चालायचा.

मी गेल्यावर बापाने हुकूम काढला, पोरीचं नाव घ्यायचं नाही. आयने नाव घेतलं नाही. पण वाशीच्या मार्केटला येणाऱ्या एका बाईबरोबर कधीमधी पिशवी यायची, आत जवळा, सुकट, वाकट्या. निरोप काही नसायचा. खोलीतल्या पोरी नाक धरून गॅलरीत जायच्या आणि मी दार लावून घेऊन जेवायचे. रेस्टॉरंटमध्ये तोवर मला बढती मिळाली होती. हॉटेलच्या भाषेत मला सोमेलिए, म्हणजे वाईनची जाणकार, म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत "ए, ती लालवाली आण", आणि गावात म्हणत बारवाली. तिन्ही नावांना मी ओ द्यायला शिकले. सूट घातलेला एखादा विचारायचा, "तू पण पितेस का गं?" मी म्हणायचे, "थुंकते सर." ते खरंही होतं. चव बघायची आणि थुंकायचं, हीच आमची नोकरी.

अशीच वर्षं गेली. मग एक दिवस माझ्या भावाचा, जयेशचा फोन आला. त्याच्याशी अधूनमधून बोलणं व्हायचं, बापाच्या चोरून. म्हणाला, "ताई, माझा साखरपुडा ठरलाय. तू ये. बाबांनी स्वतःहून तुझं नाव काढलं."

"बाबांनी?"

"हो गं. म्हणाले, वैजूला बोलाव. आणि येताना चांगली रेड घेऊन ये. मुलीकडचे पनवेलचे आहेत, एकदम हायफाय. सासरे इटलीची टूर करून आलेत, त्यांना जेवणाबरोबर वाईन लागते. आणि तुझा तो कोट पण आण."

"कोट कशाला?"

"असू दे गं. आण."

मला त्यातलं फक्त "नाव काढलं" एवढंच ऐकू आलं. स्टोअर रूममध्ये जाऊन मी रडले, बाटल्यांच्या रॅकला टेकून, अगदी हुंदके देऊन. लाज वाटायचं काय आहे त्यात? माणसाला घरचे बोलावतात तेव्हा तो रडतो.

आमच्यात साखरपुड्याला नवरीची ओटी नवऱ्यामुलाच्या सख्ख्या बहिणीने भरायची रीत आहे. सख्खी नसेल तरच चुलत. म्हणून मी वाशीतून मोरपिशी साडी घेतली, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या, खण घेतला, नारळ घेतला, तांदूळ रुमालात बांधले. बाटल्याही घेतल्या. एक जड रेड, कारण जयेश म्हणाला होता की केटरर लाइव्ह पास्ता काउंटर लावतोय, चीज आणि मटण खिम्याचा पास्ता आहे. आणि एक हलकी व्हाइट, गार करायची, कारण व्याही येणार म्हणजे जिताडा होणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जिताडा म्हणजे खाडीतला सगळ्यात मानाचा मासा. आमच्याकडे तो व्याह्यांना मिळतो, मोठ्या साहेबांना मिळतो, नाहीतर मरणाऱ्या माणसाला शेवटची इच्छा विचारल्यावर मिळतो. आणि तो आयच करणार, हेही उघड होतं. केटररच्या हाती जिताडा देण्याइतकं आमचं घर अजून सुधारलं नव्हतं.

साखरपुडा खरं तर मुलीकडे असतो. पण बापाला बंगला दाखवायचा होता. तो गेटवरच उभा होता. केस रंगवलेले, गळ्यात बोटभर जाडीची चेन. इतक्या वर्षांनी आमची नजरानजर झाली. मी वाकले पाया पडायला. तो एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "कोट कुठं हाय?"

मी म्हटलं, "बॅगेत."

"मंग घाल की. पावने निगालेत तिकडून."

जिथे केटररने गॅसची सिलिंडरं ठेवली होती त्या खोलीत मी साडी सोडली. बांगड्या उतरवल्या, त्या कोटाच्या बाहीत मावत नाहीत. साडीची घडी बॅगेत घातली, तिच्यावर खण-नारळ ठेवला आणि बॅगेची चेन लावली. तरी मनात म्हटलं, बाप आहे, एकदम कसा बदलेल, जेवणं झाल्यावर ओटी भरायला बोलावतील. माणूस किती मूर्ख असू शकतो हे बघायचं असेल तर मला त्या खोलीत बघायला हवं होतं.

वरच्या हॉलमध्ये कोपऱ्यात टेबल लावून मी उभी राहिले. पाहुणे आले. नवरी, तिचं नाव प्राची, साधी होती, सगळ्यांना नमस्कार करत होती. मला बघून तिने नमस्कार केला तेव्हा कुणीतरी तिचा हात खाली केला. मग ओटी. माझी चुलत बहीण हर्षदा पुढे आली, नवी पैठणी, हातात ताट. प्राचीच्या आईने विचारलं, "नवऱ्यामुलाला सख्खी बहीण नाही का?"

माझा बाप म्हणाला, "नाय. देवानं एकच पोरगा दिला."

मी तेव्हा रेडचं बूच काढत होते. बूच अर्ध्यावर आलं होतं. मी ते नीट काढलं, बाटलीचं तोंड पुसलं. जयेश मोबाइलमध्ये बघत होता. आय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि आत गेली. म्हणजे मला बोलावलं होतं ते वाईन वाढायला. ज्या कामासाठी मला घराबाहेर काढलं, त्याच कामासाठी घरात घेतलं होतं, आणि पोर म्हणून तर मी जन्मालाच आले नव्हते.

निघून का गेले नाही, विचाराल. आयने केलेला जिताडा खायचा होता मला. दुसरं कारण नाही.

पुरुषांची पंगत बसली. पास्ता गेला, त्यावर रेड गेली, सगळं छान झालं. व्याही खूश. "रोममध्ये आम्ही पाण्याऐवजी रेडच घ्यायचो," ते चारचौघांत सांगत होते. बापाची छाती फुगली होती. मग जिताडा आला. आयने सकाळी तो उडता आणला होता, कल्ले लालभडक, हे मी स्वतः मागच्या दारी बघितलं होतं. मी व्हाइट बाहेर काढली.

बाप उठून आला. दातांवर दात ठेवून म्हणाला, "ह्ये काय?"

"माशावर ही जाते."

"शुभकार्याला पांढरं? कोनाच्या मयताला आयलीस?" पांढरं म्हणजे रांडव, लाल म्हणजे सवाष्ण, एवढंच त्याला वाईनमधलं कळत होतं. "लाल वत."

"बाबा..." निघून गेलं तोंडातून. मग मी आवाज उतरवला. "साहेब, माशावर लाल जड पडते. मासा वासल्यासारखा लागेल. ऐका."

"तुना इचारलं?"

मी लाल ओतली. व्याह्यांनी मोठा घोट घेतला, माशाचा तुकडा तोंडात टाकला, वर तिखट रस्सा. चावता चावता ते थांबले. आणखी एक तुकडा घेतला, वर पुन्हा घोट. मग वाटी हळूच पुढे सरकवून म्हणाले, "व्याही, मासा जरा वासतोय का हो?" शेजारच्या दोघातिघांनी घास तोंडात धरून माना हलवल्या. त्यांच्याही ग्लासात लालच होती.

पलीकडच्या खोलीत बायकांची पंगत तोच जिताडा कोकम सरबताबरोबर खात होती आणि पुन्हा पुन्हा मागत होती.

बापाने हाक मारली. आय हात पुसत आली. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "म्हातारे, कुठला मासा आनलास? व्याह्यांच्या ताटात कुजका मासा वाढलास? आंधली झालीस का?" तिने वाटीकडे बघितलं, मग ग्लासाकडे. माशाचं जिला एवढं कळतं तिला काहीतरी कळलंच असणार. पण ती हातच पुसत राहिली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मासा ताजा आहे. लाल वाईनमुळे तसं लागतंय. पलीकडे बायकांनी तोच खाल्लाय, त्यांना विचारा."

व्याह्यांचं तोंड उतरलं. "म्हणजे आम्हाला वाईन कळत नाही?"

"तुम्हाला काय कळतं ते मला माहीत नाही," मी म्हटलं, "पण माझ्या आईने आजवर कुणाला शिळा मासा दिलेला नाही."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं काय बोलले ते. प्राचीची आई दारात आली होती. व्याह्यांनी विचारलं, "आई? कुणाची आई?"

बापाच्या तोंडावरचा रंग उडाला. जयेशने पहिल्यांदा मोबाइलवरून डोळे वर केले आणि आयकडे बघितलं. अख्खा हॉलच आयकडे बघत होता. मीही. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांचं आता. एक शब्द म्हण, आय, मग मोडू दे लग्न, पडू दे हा बंगला.

ती जयेशकडे बघत होती. मग अगदी शांतपणे म्हणाली, "हाटेलातली पोर हाय ती. कामाला येनाऱ्या सगल्याच पोरी मना आई म्हनतात. मासा कालचा होता. माजं नाक गेलं आता, माजी चुकी."

बाजारातल्या तिच्या शेजारणी दारापलीकडच्या पंगतीत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. एकीनेही मान वर केली नाही. तुम्हा बाहेरच्यांना सांगून कळणार नाही, पण भरल्या पंगतीत माझा मासा शिळा होता म्हणणं हे आमच्या बाईने आपल्या हाताने आपली टोपली खाडीत फेकण्यासारखं आहे. एका वाक्यात तिने आयुष्यभर कमावलेला शब्द घालवला आणि दुसऱ्या वाक्यात लेक.

आणि सगळ्यांना हायसं वाटलं. व्याही मोठ्या मनाने म्हणाले, "असू दे हो, वय झालं की होतं असं." हशा झाला. बापही हसला. "नाक गेलं तरी पोरगं चांगलं काढलंय," असं काहीतरी म्हणाला, त्यावर अजून हशा. पातेलं मागच्या दारी नेऊन ओतलं. कुत्री आली. कुत्र्यांनी रेड घेतलेली नव्हती, त्यांनी जिताडा चाटूनपुसून खाल्ला.

पाहुणे खाली फोटो काढायला गेले तेव्हा मी मागच्या दारी गेले. आय मोरीवर बसून तेच पातेलं घासत होती. मी कोटातच उभी राहिले.

ती वर न बघता म्हणाली, "ताजा होता गं. मना म्हाईत नाय का."

"आणि मी?"

तिने पातेल्यात पाणी घेतलं, खळबळलं, ओतलं. "तू पन माजीच हायस. पन तू खरी ठरलीस तर तुजा बाप खोटा ठरतो. तू जाशील वाशीला. मना हितंच ऱ्हायचा हाय त्याच्याबरोबर."

"मग चल माझ्याकडे."

"तिकडं मना कोन वलखतं?" मग थोडा वेळ ती घासतच राहिली. "तू समोर आयलीस ना, की मना खरं बोलावंसं वाटतं. आज दात आवळून बसले. पुढच्या वेळी जमनार नाय मना. येऊ नको, बाय."

मी बॅग घेतली आणि मागच्याच दाराने निघाले. खण-नारळ बॅगेतून काढून सिलिंडरच्या खोलीत ठेवून आले. केटररच्या माणसांनी नारळ फोडून खाल्ला असेल.

लग्न झालं, मला बोलावणं नव्हतं. हर्षदाच्या स्टेटसवर फोटो बघितले. आयचा बाजार त्याच महिन्यात बंद झाला. बापाला ती तिथे बसलेली आधीपासून नकोच होती, व्याह्यांच्या माणसांनी बघितलं तर काय म्हणतील. आता त्याला तिचंच वाक्य सापडलं. टोपली उचलून माळ्यावर टाकली आणि म्हणाला, "नाक गेलेल्या बाईनं मासं इकायचं नसतं." उत्तर काय देणार? सगळ्या गावासमोर बोलली होती. नळाशेजारच्या जागेवर आता दुसरी बसते. आय बंगल्यात असते. एसी आहे, गुळगुळीत लाद्या आहेत, तिचे पाय घसरतात, असं जयेश सांगतो. पिशवी यायची तीही बंद झाली.

आणि गेल्या महिन्यात, मधल्या वारी, दुपारी रेस्टॉरंट रिकामं असताना प्राची आली. एकटी. कोटावरचं रेस्टॉरंटचं नाव तिच्या लक्षात राहिलं असावं. मी ओळखलं, तिनेही ओळखलं, पण आम्ही दोघींनी आधी मेन्यू बघितला. तिने टोमॅटोचा साधा पास्ता मागितला आणि म्हणाली, "वाईन कुठली ते तुम्हीच सांगा." मी आंबट अंगाची, हलकी रेड सांगितली, का ते समजावलं, ओतली. तिने घोट घेतला. मग ग्लासाशी खेळत बसली.

म्हणाली, "आई मला मासा बघायला शिकवतात. दारावर मासेवाली आली की. बाबा घरात नसताना. कल्ला कसा उघडायचा, बोट कुठे दाबायचं. परवा मासेवालीने झाकून आणलेला हलवा मासा त्यांनी दुरूनच ओळखला, शिळा आहे म्हणून. टोपलीवरचं फडकंसुद्धा काढलं नव्हतं तिने."

मी बाटलीला बूच लावलं.

"म्हणजे त्यांचं नाक गेलेलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे त्या दिवशीचा मासा शिळा नव्हता. मग मला वाटलं, त्यांनी त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक खोटी असेल तर..." ती थांबली आणि माझ्याकडे सरळ बघून तिने विचारलं, "तुम्ही त्यांची मुलगी ना?"

पोरगी चांगली होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. हो म्हटलं असतं तर उठून गळ्यात पडली असती, ताई म्हणाली असती. आणि संध्याकाळी घरी जाऊन, चांगली होती म्हणूनच, सासूला मिठी मारली असती, नवऱ्याला जाब विचारला असता, पनवेलला आईला फोन केला असता. आणि रात्री सगळं झाल्यावर माझा बाप दार लावून आयला विचारत बसला असता, कोनी सांगितलं. हे सगळं मला ती उत्तराची वाट बघत होती तेवढ्यात दिसलं.

मी म्हटलं, "नाही मॅडम. मी हॉटेलातली. कामावर आम्ही सगळ्यांनाच आई म्हणतो."

मग तिने पास्ता संपवला आणि गेली. माझ्यावर विश्वास बसला की नाही, माहीत नाही. पण पुन्हा आली नाही.

तुम्ही म्हणाल, जे ऐकण्यासाठी एवढी वर्षं तडफडलीस ते कुणीतरी ताटात वाढून आणलं आणि तू ताट ढकललंस. हो, ढकललं. कोटाच्या खिशात हात घालून बारच्या मागे उभी राहिले, आणि तेव्हा मला कळलं की आयने त्या दिवशी जे केलं तेच मी केलंय, तिच्याच शब्दांत, तिच्याइतक्याच शांतपणे. आमच्या घरच्या बायकांचं हेच काम आहे. इतकी वर्षं मी त्या घरची नव्हते. त्या दुपारी झाले.